दुरुस्तीची खोड

रविवारी सकाळी साडेआठला अक्का मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली आणि वहिनींच्या हातातली सुरी भाजीवरच थांबली. अक्का एरवी पुढून येते. कारखान्यातून, थोरल्या भावाला जाता जाता दोन टोमणे मारून, मग घरात. मागचं दार तिने शेवटचं वापरलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि त्या दिवसानंतर वर्षभर तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"दादा कुठे आहे?"

"कारखान्यात. झालंय काय?"

"त्याने बंदुका दुरुस्त केल्यात," अक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला काय काय दुरुस्त करताना पाहिलं नव्हतं? शेजाऱ्यांची घड्याळं, दवाखान्यातल्या खाटांची चाकं, एकदा तर व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेलेले असताना त्यांच्या न्हाणीघराची कडी. म्हणून अक्काच्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरायला त्यांना जरा वेळ लागला. शिरला तेव्हा त्याही समोर बसल्या.

सत्तावीस बंदुका होत्या. चौदा वरच्या वस्तीच्या, तेरा खालच्या वस्तीच्या. मध्ये नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या तोंडाशी हा कारखाना, जिथे या घराच्या तीन पिढ्यांनी दोन्हीकडच्या लोकांना बंदुका बनवून दिल्या. भांडण कशावरून सुरू झालं हे विचाराल तर एक म्हातारा पाण्यावरून सांगेल, दुसरा जमिनीवरून. माणसं मात्र खरीच मेली. अक्का तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती, तिने दोन्हीकडच्या जखमा शिवल्या, आणि निवृत्त झाल्यावर तीन वर्षं दोन्ही वस्त्यांत दारोदार हिंडून एकच मागणं मागितलं, बंदुका द्या. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं, एकाने अंगावर कुत्रा सोडला. त्या कुत्रेवाल्याची बंदूकही सत्ताविसात होती, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ठरलं असं होतं, की बुधवारी सगळ्यांनी बंदुका आणून द्यायच्या आणि रविवारी दुपारी चार वाजता त्या सगळ्यांच्या देखत कापायच्या. कापणार दादा, कारण बंदूक कुठे कापली म्हणजे पुन्हा जोडता येत नाही हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. तोवर त्या कारखान्यातल्या आतल्या खोलीत, दोन कुलपांत. एक किल्ली वरच्या वस्तीच्या न्हाव्याकडे, दुसरी खालच्या वस्तीच्या शिंपिणीकडे. गुरुवार ते शनिवार, तिन्ही दुपारी दोघांनी मिळून खोली उघडायची, दादाने त्यांच्यासमोर एकेक बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, की पुन्हा दोन्ही कुलपं. खात्री करायची, बस. याहून जास्त काही करायचं कुणीच म्हटलं नव्हतं.

"न्हाव्याने त्याच्या काकाची बंदूक दिली होती," अक्का सांगत होती. "वीस वर्षं मेलेली. काल दादाने तिचा घोडा मागे ओढला, चाप दाबला आणि ती खट्टकन वाजली. न्हावी तेव्हा काही बोलला नाही. आज सकाळी दुकानात बोलला."

आणि रविवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात बोललेली गोष्ट वस्तीभर व्हायला किती वेळ लागणार? मेलेली बंदूक दिली होती ती जिवंत झाली, म्हणजे कापण्याच्या नावाखाली बंदूकवाला माल तयार करतोय आणि तो गुपचूप पलीकडे जाणार, असा सरळ हिशोब लोकांनी मांडला. अकरा वाजता वरची वस्ती आपल्या चौदा बंदुका परत न्यायला येणार होती. त्यांनी नेल्या की खालचे आपल्या तेरा मागे ठेवतील, हे स्वप्नातही शक्य नव्हतं. तीन वर्षांची पायपीट अडीच तासांत पाण्यात जाणार होती.

दादा हात पुसतच आत आला. त्याच्या खांद्यावर कायम एक फडकं असतं, तेलाने इतकं काळं की मुळात ते कुठल्या रंगाचं होतं यावर घरात पैजा लागतात. बहिणीला मागच्या दाराशी बसलेली बघून तो उभाच राहिला.

"किती?" अक्काने विचारलं.

कशाबद्दल विचारतेस असलं नाटक त्याने केलं नाही. "नऊ."

"का, दादा?"

"एकीत काडतूस अडकलं होतं. ते काढायला उघडावी लागली."

"आणि उघडल्यावर?"

"घोड्याची खाच झिजली होती," दादा म्हणाला. यापुढे आणखी काही सांगायला हवं, असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं.

त्या आपण कापणार होतो, अक्काने त्याला आठवण करून दिली. ते त्याला माहीत होतं. काडतूस असलेली ती एकच होती, मग बाकीच्या आठ कशाला उघडल्या, यावर तो फडक्याने बोटं पुसायला लागला. शेवटी म्हणाला, पहिली नीट झाल्यावर शेजारची वाईट दिसायला लागली. न्हावी आणि शिंपीण दोघं समोरच बसले होते, चहा पीत होते, त्यांनाही वाटलं असेल की तपासणी अशीच असते. लपवून काहीच केलं नव्हतं. ठरवूनही केलं नव्हतं, हात आपोआप गेला.

वहिनींना हसू फुटलं. वेळ हसण्याची नव्हती हे कळूनसुद्धा फुटलं, आणि ते बघून अक्काचेही ओठ हलले. "जित्याची खोड," ती म्हणाली. म्हणीचा पुढचा अर्धा भाग तिने तोंडातच ठेवला.

तेवढ्यात भाऊ आला, म्हणजे धाकटा. त्याची अर्धी दाढी झालेली होती. उजवा गाल गुळगुळीत, डावीकडे वाळलेला साबण. न्हावी बोलायला लागला तेव्हा हा त्याच्याच खुर्चीत बसला होता आणि अक्काला फोन करून त्यानेच कळवलं होतं. त्याच्या मागोमाग दादाची मुलगी आली. तिला चिमणी म्हणतात. बत्तीस वर्षांची बाई, पाणीपुरवठा खात्यात पाइपांचे नकाशे काढते आणि आत्याच्या या बंदुका गोळा करायच्या समितीची चिटणीस आहे, पण घरात चिमणीच.

भाऊने बंदुकांचं काम कधीच केलं नाही. त्याचं वरच्या वस्तीत कुलपांचं दुकान आहे. भीतीपोटी माणूस दोन्ही वस्तू घेतो, पण कुलूप घेतल्यावर निदान झोप लागते, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवतो. त्या दुकानाची काच आज संध्याकाळपर्यंत शाबूत राहील की नाही, याचा विचार तो येताना सगळ्या वाटेवर करत होता, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. म्हणून तो आल्या आल्या उपाय घेऊनच बोलायला लागला. उपाय सोपा होता. दादा बंदुका दुरुस्त करत नव्हता, मोकळ्या करत होता. कापण्याआधी आतले भाग सैल करावे लागतात, तेल घालावं लागतं, एखादवेळी घोडा वाजतो. न्हाव्याला दाढीतलं कळतं, बंदुकीतलं काय कळणार? झाकली मूठ झाकलेली राहू द्यावी.

"मी असं म्हणणार नाही," दादा म्हणाला.

"तू म्हणूच नकोस. तू बोललास की सगळा घोळ होतो. अक्का म्हणेल. तिच्या शब्दाला दोन्हीकडे मान आहे."

चिमणीने काकाची बाजू घेतली, आणि याचं भाऊलाच सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं, कारण ही पोरगी दहा वर्षांत त्याच्या एका शब्दाला हो म्हणाली नव्हती. तिचं म्हणणं असं की फक्त चार वाजेपर्यंतचा वेळ काढायचा आहे. एकदा का तुकडे पडले, की दुरुस्त बंदुकीचे आणि मोडक्या बंदुकीचे तुकडे सारखेच. मग कुणी काहीही बोलू दे. खोटं एकच, आणि त्यावर दोन्ही वस्त्यांतली किती माणसं जिवंत राहतील याचा विचार करा. बोलताना तिने बापाकडे बघितलं नाही.

आता सगळे अक्काकडे बघत होते.

अक्काच्या मनाने हो म्हटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. भाऊ बोलत असतानाच ती मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागली होती. दवाखान्यात तिने शेकडो नातेवाइकांना खोटं सांगितलं होतं, बरं वाटेल, काळजी करू नका, आणि त्यापायी तिची झोप कधी उडाली नव्हती. इथे तर एका खोट्याने सत्तावीस बंदुका जाणार होत्या. तिचा नवरा असल्याच एका बंदुकीने गेला. तो बस चालवायचा. पुलावर बस होती, पलीकडून अलीकडे कुणी कुणावर गोळी झाडली, ती समोरच्या काचेतून आली. त्याने बस कडेला लावून थांबवली, मग मान टाकली. बसमधल्या एकालाही ओरखडा आला नाही.

बंदूक सापडली. नळीच्या खाली तीन ठिपके होते, या कारखान्याची खूण. कोर्टात दादाला बोलावलं तेव्हा आरोपीच्या वकिलाने त्याला आधीच सुचवलं होतं, की इतक्या वर्षांनी ठिपके ओळखू येत नाहीत असं म्हण, म्हणजे तूही सुटशील. दादाने बंदूक हातात घेतली, उलटी केली आणि सांगितलं, आमचीच आहे, चाप मीच नवा बसवला, त्या गोळीच्या चार महिने आधी. त्या संध्याकाळी अक्का या घराच्या मागच्या दाराने बाहेर पडली ती वर्षभर आली नाही. पुढे आली, जेवली, हसलीसुद्धा, पण त्या वर्षाबद्दल दोघं भावंडं एक अक्षर बोलली नाहीत.

"बरं, काय म्हणायचं ते ठरवू," अक्का म्हणाली. "पण सगळ्यांनी एकच म्हणायचं."

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. या घरात त्या थट्टेत पुढे आणि वादात मागे, असा सगळ्यांचा समज. त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"अक्का, एक विचारू? यांनी कोर्टात खरं सांगितलं, तेव्हा तुम्ही वर्षभर या घरात आला नाहीत. आज यांनी खोटं बोलावं म्हणून आलात का?"

भाऊने "वहिनी" म्हणून हात वर केला. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

अक्काचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "खरं बोलल्याचा राग नव्हता मला," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला जड गेलं. "तो चाप तू इतका चांगला का बसवलास, याचा होता, दादा. वाईट बसवला असतास तर गोळी सुटली नसती."

"हो," दादा म्हणाला. "मी रोज तेच म्हणतो."

 चिमणी आता बापाकडे बघत होती. त्याने खांद्यावरचं फडकं काढून हातात गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. अकरा वर्षं जे दोघांच्या मध्ये बसून होतं ते एवढंसंच होतं, आणि ते बोलून झाल्यावर अक्काला एकदम हलकं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. तिने पदर खोचणाऱ्या बाईच्या त्वेषाने अंगातल्या स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

"खरं सांगायचं," ती म्हणाली. "आणि चार कशाला वाजू द्यायचे? अकराला येतायत ना, अकरालाच कापू. भाऊ, शिंपिणीला निरोप दे. खालच्या वस्तीलाही आत्ताच बोलाव."

भाऊला हे वेडेपणाचं वाटलं आणि त्याने तसं सांगितलंही. पण चिमणीचा काटा फिरला होता. आता ती आत्याच्या बाजूला येऊन बसली, आणि चिटणीस असल्यामुळे लगेच अडचण काढली. खरं सांगितलं, ठीक. पण लोकांना खुलासा नकोय, खात्री हवीय. आज या कापाल आणि उद्या नव्या बनवाल, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर देणार? बाबांचा हात आपोआप जातो हे आपणच सांगणार आणि वर म्हणणार की यापुढे जाणार नाही?

दादा उठून कारखान्यात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात आजोबा होते.

आजोबा म्हणजे साडेचार फुटांचा पोलादी गज. बंदुकीच्या नळीत आतून वळणदार चऱ्या पाडाव्या लागतात, त्या चऱ्यांमुळे गोळी सरळ जाते. त्या नसल्या तर बंदूक म्हणजे नुसता आवाज. हा गज त्या चऱ्या पाडायचा. घरातल्या थोरल्या आजोबांनी तो सहा महिने खपून बनवला होता आणि त्यांच्यासारखाच तो कुणापुढे वाकत नव्हता, म्हणून त्याचंही नाव आजोबा. आजोबांना तेल दिलंस का, आजोबांना उन्हात ठेवू नकोस, असं या घरात बोललं जायचं. असा दुसरा गज दोन्ही वस्त्यांत नव्हता आणि नवा बनवणारं कुणी उरलेलं नव्हतं.

"हा कापू," दादा म्हणाला. "आधी हा."

भाऊ ताडकन उठला. बंदुकीला कधी हात न लावलेल्या या माणसाला नेमकी याची कळ का आली, हे फक्त त्यालाच माहीत होतं. लहानपणी वडील गज ओढायचे तेव्हा दुसरं टोक धरायला त्याला उभं करत. दर ओढीला एक आकडा मोठ्याने म्हणायचा. तो शंभरपर्यंत मोजायला शाळेत शिकला नाही, या गजाच्या टोकाशी शिकला. वडिलांनी त्याला शाबासकी दिल्याचं त्याला आठवत होतं ते एवढंच.

"हा तुझ्या एकट्याचा नाही," तो म्हणाला.

"नाही. म्हणून विचारतोय."

"मग तुझ्या हातात काम काय राहील?"

"दवाखान्याच्या खाटा आहेत," दादा म्हणाला. "त्यांची चाकं कधीच धड नसतात."

भाऊने गजावर हात ठेवला. बोटांना जुना थंडपणा ओळखीचा लागला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने साबणाच्या गालाकडूनच पुसलं. मग तो म्हणाला, "तुझ्या कटरच्या चकत्या याला पुरायच्या नाहीत. माझ्या दुकानात जाड आहेत. आणतो."

अकरा वाजता कारखान्याच्या अंगणात दीडशे माणसं होती. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला, मध्ये हातगाडी जाईल एवढी जागा. न्हावी पुढे उभा होता, किल्ली मुठीत धरून, आणि भाऊच्या अर्ध्या दाढीकडे अपराधी नजरेने बघत होता. शिंपीण आपल्या लोकांपुढे. अक्काने दोघांना बोलावलं, खोली उघडायला लावली आणि सत्ताविसच्या सत्तावीस बंदुका टेबलावर मांडायला लावल्या. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की बंदुका तुमच्या आहेत, ज्याला न्यायची त्याने न्यावी, आम्ही हात धरणार नाही. पण आधी ऐकून घ्या.  ती बोलत होती तोवर टेबलामागे शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनी तिचा कोपर धरून ठेवला.

दादाला भाषण येत नाही. न्हाव्याने ऐकलं ते खरं आहे, तो म्हणाला, नऊ बंदुका मी नीट केल्या, विकायला नाही, मला बिघडलेलं बघवत नाही, चूक झाली. एवढं बोलून तो थांबला. लोकांना वाटलं पुढे काहीतरी येईल. आलं नाही.

कुजबुज सुरू झाली. खालच्या बाजूने एकजण मोठ्याने म्हणाला, की पुलावर बसवाला गेला तीही बंदूक यानेच नीट केली होती, आणि आपण याच्याच घरात बंदुका आणून ठेवल्या.

"हो," दादा म्हणाला. "तीही मीच केली होती."

सगळ्या नजरा अक्काकडे वळल्या. अक्का टेबलाच्या मागून निघाली आणि भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.  ज्याने बोलणं काढलं होतं तो दोन माणसांच्या मागे झाला.

मग चिमणीला ज्याची धास्ती होती तो प्रश्न आलाच. वरच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने काठीने टेबलाकडे दाखवत विचारलं, या कापशील रे, पण नव्या बनवणार नाहीस कशावरून? दादा आत गेला आणि गज घेऊन आला. म्हाताऱ्याने तो ओळखला. त्याच्या तरुणपणीची बंदूक याच गजाने कोरलेली होती, आणि ती आत्ता टेबलावर होती. "अरे, हा कापलास तर तुझ्याकडे उरलं काय?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात संशय नव्हता, कळवळा होता.

दादाने गज कटरखाली ठेवला. भाऊने न सांगता दुसरं टोक धरलं. चिमणी पाणी ओतायला उभी राहिली. चकती पोलादावर टेकली आणि असा आवाज उठला की पुढच्या रांगेने कान झाकले. पोलाद हटेना. पहिली चकती झिजून संपली, गजावर नुसती एक रेघ. दुसरी लावली, तीही अर्ध्यावर गेली. ऊन चढलं, ठिणग्यांच्या वासाने लोक खोकले, पण कुणी निघून गेलं नाही, आणि दोन्ही बाजूंची माणसं नीट दिसावं म्हणून सरकत सरकत पुढे आली, तशी मधली हातगाडीची वाट आपसूक बुजून गेली. भाऊचे ओठ हलत होते. चिमणीने वाकून ऐकलं तर तो आकडे म्हणत होता. तिसऱ्या चकतीला, तो सत्तरच्या पुढे गेला असताना, आजोबांचे दोन तुकडे झाले आणि एक फरशीवर पडला. भाऊच्या हातात त्याचा अर्धा राहिला.

तो आवाज थांबल्यावर अंगणात इतकी शांतता झाली की नदीचं पाणी ऐकू आलं.  पहिल्यांदा न्हावी हलला. टेबलाशी गेला, आपल्या काकाची बंदूक उचलली आणि दादासमोर धरली.

"आधी ही घ्या," तो म्हणाला. "जिवंत आहे तोवर." आणि भाऊकडे वळून हळूच म्हणाला, की नंतर दुकानात ये, राहिलेली करून देतो.

दादाने बंदूक घेतली. उघडून बघितली, रिकामी होती. उलटी केली, नळीखालचे तीन ठिपके बघितले. मग त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, नीट पुसली.

दीडशे माणसं ते बघत होती. 

दादाचा हात थांबला. त्याने फडक्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने ते फडकं बहिणीकडे केलं.

"हे तू धर, अक्का. माझ्याकडे राहिलं तर मी पुसतच बसेन."

अक्काने ते घेतलं. दादाने चकती बरोबर तीन ठिपक्यांवर टेकवली आणि दाबली. एका बंदुकीला तीन काप, सत्तावीस बंदुकांना एक्याऐंशी, आणि शेवटचा तुकडा पडेपर्यंत अक्काने ते तेलकट फडकं मुठीतून सोडलं नाही.